आडव्या तारेचं गणित

फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं 'कॉस' लिहिलं आणि माझ्या हातातला खडू एकदम ओला लागायला लागला. ओला खडू नसतो, तळहात असतो, हे मला कळत होतं. मुलगी दुसऱ्या बाकावरची, केस घट्ट बांधणारी, आपलं कधी चुकतच नाही अशा थाटात लिहिणारी. गणित नेहमीचंच होतं. छताला दोन दोऱ्या बांधल्या आहेत, दोन्ही खाली येऊन एका कडीत मिळतात, कडीला वजन लटकलेलं आहे, दोऱ्या छताशी अमुक अंशांचा कोन करतात, तर प्रत्येक दोरीतला ताण काढा. सत्तावीस वर्षं मी हे गणित शिकवते आहे आणि सत्तावीस वर्षं कुणी ना कुणी याच जागी घसरतं. कोन उभ्या रेषेपासून मोजलेला असेल तर कॉस घ्यायचा; छतापासून, म्हणजे आडव्या रेषेपासून मोजलेला असेल तर साइन. मुलं आकृतीकडे न बघता कॉस ठोकून देतात आणि उत्तर भलतंच लहान येतं. मग मी विचारते, "हिनं टांगलेल्या झुंबराखाली जेवायला कोण कोण बसणार, हात वर करा," आणि वर्ग हसतो. दरवर्षी हसतो, कारण दरवर्षी वर्ग नवा असतो. आजही मी त्यासाठी तोंड उघडलं, आणि मला होडी दिसली. एकशे ऐंशी किलोची लाकडी होडी, तिच्या दोन बाजूंना दोन तारा, आणि शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं 'कॉस पंधरा'.

"मॅडम, बरोबर आहे का?" मुलीनं विचारलं.

"आकृती बघ," मी म्हटलं. "कोन कुठून मोजलाय ते बघ."

तिनं बघितलं, जीभ चावली, डस्टर फिरवलं आणि साइन लिहिलं. तिला चार सेकंद लागले. मला आठ दिवस लागले होते आणि तेही दुसऱ्याची चूक बघून.

माझी धाकटी बहीण वस्तू टांगते. कोणी विचारलं तर ती शिल्पकार आहे असं सांगायचं असतं, पण मी घरात 'टांगते' असंच म्हणते आणि आई दरवेळी माझ्याकडे रागानं बघते. मोडीत निघालेल्या खुर्च्या, शिवणयंत्रांची चाकं, एकदा तर एका बंद पडलेल्या दवाखान्याचा अख्खा दरवाजा, असं काय काय ती गोळा करते आणि हवेत लटकवते, आणि लोक माना वर करून बघत राहतात. या खेपेला नवीन वाचनालयाच्या मोठ्या दालनात होडी टांगायची होती. तळ्याकाठच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ती होडी पालथी पडून होती, ती हिनं उचलून आणली. दालनाचं छप्पर काचेचं, त्याला खिळाही मारता येत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन भिंतींत आकडे बसवायचे, त्यांतून दोन तारा मधोमध आणायच्या, त्या एका कडीत अडकवायच्या आणि कडीखाली होडी. खाली वाचकांना जागा हवी आणि वर काच, त्यामुळे तारा जवळजवळ आडव्याच, पंधरा अंशांच्या. वाचनालयाच्या इंजिनिअरनं भिंतीतले आकडे बसवून दिले आणि तारेचं तुमचं तुम्ही बघा म्हणून हात झटकले. मग हिनं मला फोन केला. "ताई, एका तारेवर किती ताण येईल तेवढं सांग ना. तुझ्याशिवाय कोण सांगणार?" म्हणाली. मी कागदावर मांडून दिलं. त्र्याण्णव किलो. खाली एक ओळ आणखी लिहिली, की सुरक्षिततेसाठी तिप्पट क्षमतेची तार घ्यावी, म्हणजे तीनशेची पुरे. खरं उत्तर तीनशे अठ्ठेचाळीस आहे. ते मी आत्ता, वर्गात उभ्या उभ्या, तोंडी काढलं. तीनशेची तार तीनशे अठ्ठेचाळीस कशी पेलणार, हे सांगायला न्यूटन लागत नाही.

आज पाच वाजता उद्घाटन होतं. त्याआधी तीन वाजता होडीखालचे लाकडी टेकू काढायचे होते. पहिल्या रांगेतली, बरोबर होडीसमोरची खुर्ची आईसाठी राखून ठेवलेली होती.

घंटा झाली. मी रजिस्टर उचललं, खडू डबीत ठेवला, हात धुतले. माणूस अशा वेळी इतका व्यवस्थित वागतो याचं मला नवल वाटलं. शिक्षकांच्या खोलीत रसायनच्या बाई चहा गाळत होत्या. "चेहरा असा काय झालाय, घेता का घोटभर?" त्यांनी विचारलं आणि मी घेतला. त्यांना उत्तर द्यावं लागू नये म्हणून मी कप तोंडाला लावून ठेवला आणि तो कागद आठवायला लागले. मला माझे कागद आठवतात. डाव्या बाजूला आकृती, उजवीकडे समीकरणं, खाली पट्टीनं रेघ मारून उत्तर. आकृती तर डोळ्यांसमोर स्वच्छ उभी होती. कोन मी आडव्या रेषेपासूनच दाखवला होता, बाण नीट काढले होते. मग कॉस आला कुठून? मध्ये कुठे तरी एक ओळ खोडलेली होती, एवढं आठवत होतं. कशाची, ते आठवेना. मी सहसा खाडाखोड करत नाही.

संध्याकाळ मात्र लख्ख आठवत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते, समोर आईच्या गोळ्यांची सात खणांची डबी होती, मी आठवड्याच्या गोळ्या भरून नुकतीच बाजूला सारली होती. फोन आईच्या हातात होता आणि धाकटी पलीकडून तिला होडीबद्दल सांगत होती. कशी ती पालथी पडली होती, कशी तिच्या पोटात एक मांजर व्यालेलं होतं, पिल्लं मोठी होईपर्यंत ही कशी तीन आठवडे थांबली. आई हसत होती. आईचं ते हसणं वेगळं असतं, त्यात पुढचे दात दिसतात. अकरा वर्षं ती माझ्याकडे राहते. तिचे गुडघे, तिची नखं, तिची झोप, सगळं माझ्याकडे आहे, पण ते दात मला ती धाकटीशी फोनवर बोलते तेव्हाच दिसतात. "तुझ्या हातात जादू आहे गं छकुले," आई म्हणाली. छकुली सत्तेचाळीस वर्षांची आहे. मग माझ्याकडे वळून आईनं विचारलं, "झालं का गं तिचं? ती वाट बघतेय." जसं काही मी वाण्याच्या दुकानातला काटा होते.

मला धाकटीचा हेवा वाटतो. हे वाक्य निदान मनातल्या मनात सरळ म्हणायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. त्याआधी मी त्याला काळजी म्हणत असे. हिचं पुढे कसं होणार, हिला कोण सांभाळणार, हिचं काही स्थिर नाही, असं मी लोकांना सांगायचे आणि लोक माझं कौतुक करायचे. मग तिचं सगळं छान झालं आणि माझी काळजी करायची सोय गेली; उरला तो हेवा. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आलेला मजकूर आईनं कापून जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे. मी रोज त्याच्यावर ताट ठेवते. माझं पंचवीस वर्षांच्या सेवेचं प्रमाणपत्र कपाटातल्या खणात, वीजबिलांच्या खाली आहे. तिथे ते मीच ठेवलं, आणि ते बाहेर का नाही म्हणून आईनं कधी तरी विचारावं याची अजून वाट बघते आहे. एवढं सगळं असूनही एक जागा माझी होती. गणित माझं. घरात कुणाला काही मोजायचं झालं, कुठलं कपाट कुठल्या दारातून आत जाईल इथपासून, की माझ्याकडे यायचं. आता तिथे मी फोन करून सांगायचं, की बाई गं, माझंच चुकलं.

सव्वा वाजता मी धाकटीला फोन लावला.

"बोल ताई, पटकन बोल, मी शिडीवर आहे," धाकटी म्हणाली.

"शिडीवर फोन कशाला घेतेस?"

"तुझा होता म्हणून घेतला."

मागे कुणीतरी हसलं. पुढचे दात दिसतील असं.

"आई तिथे आहे?" मी विचारलं. "तू तिला तीनला आणणार होतीस ना?"

"अगं, सकाळी साडेअकरालाच आणली. मला फोन करून म्हणाली, मला आधीच घेऊन चल, मला सगळं बघायचंय. मिस्त्रींना माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसलीये. निम्म्या खोट्या आहेत. तू बोल ना, काय म्हणत होतीस?"

सकाळी निघताना मी आईचं जेवण झाकून ठेवलं होतं. डब्याच्या झाकणावर दुपारच्या गोळीची आठवण चिकटवली होती. मी दाराबाहेर पडल्यावर आईनं फोन उचलून धाकटीला लावला असणार. मला तिनं सकाळी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. डबा तसाच पडून असेल. मी म्हणाले, "काही नाही. किती वाजता यायचं ते विचारायचं होतं."

"पाचला. पण तू लवकर ये. ये नक्की," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी प्रयोगशाळेत गेले. दोन वाजेपर्यंत एक तुकडी होती, स्प्रिंगला वजनं लावून तिची लांबी मोजायची. मुलं एकेक चकती अडकवत होती, पट्टीवर वाचत होती, वहीत टिपत होती, आणि मी त्यांच्यामागून हिंडत, "डोळा पट्टीच्या समोर आणा, वरून वाचू नका," असं सांगत होते. पंचेचाळीस मिनिटं. माझी बोटं हलत होती, तोंड चालत होतं, आणि आत एक बाई अगदी थंडपणे हिशोब करत बसली होती. तारा विकणारे क्षमता नेहमी हातचं राखून लिहितात. तीनशेची तार चारशेही सहन करेल. पडणार नाही. आणि समज, टेकू काढताना नुसती करकरली, एका बाजूनं ताणली, कुणाला काही झालं नाही पण सगळ्यांसमोर होडी परत खाली ठेवावी लागली, तर? सगळ्या पाहुण्यांसमोर ती उभी राहील, तोंड उतरलेली, आणि आई बघेल. हे चित्र माझ्यासमोर आलं आणि मला ते आवडलं. किती वेळ आवडलं ते मला माहीत नाही. दोन चकत्या अडकवण्याइतका वेळ असेल. मग एका मुलाच्या हातून चकती सुटली आणि फरशीवर आदळली. शंभर ग्रॅमची चकती. तिचा आवाज सगळ्या खोलीत फिरला आणि मला आईची खुर्ची दिसली, खुर्चीत आईचे सुजलेले गुडघे दिसले. मी रसायनच्या बाईंना तुकडीकडे बघायला सांगितलं आणि पर्स उचलून निघाले.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती शिडीवर असणार. की मघाच्या त्या 'काही नाही'वर विश्वास ठेवून तिनं फोन पिशवीत टाकला असणार. आईचा फोन घरी उशीखाली असतो, तो ती कुठेच नेत नाही. बस दर चौकात थांबत होती. सिग्नलला एक इमारत रंगवणारा माणूस झुल्यावर बसून ब्रश मारत होता, त्याच्या झुल्याचे दोर सरळ उभे, बिनधोक होते. उभी दोरी शहाणी असते, नुसतं वजन धरते. आडव्या दोरीचं दुखणं वेगळं. तिला वजन धरायचं असतं आणि शिवाय पलीकडच्या दोरीशी ओढाओढ करायची असते, आणि तिची सगळी ताकद त्या ओढाओढीतच जाते.

हे वाक्य माझं नव्हे. म्हणजे माझंच होतं, पण मी ते पस्तीस वर्षांपूर्वी गॅलरीत धाकटीला म्हणाले होते. ती बारा वर्षांची, मी अठराची. तिला शाळेतला काही धडा समजत नव्हता आणि ती पाय आपटत होती. मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, एक टोक तिच्या हातात दिलं, एक माझ्या, आणि मधोमध पाण्यानं अर्धी भरलेली बादली अडकवली. "आता ओढ. दोरी सरळ कर," मी म्हटलं. आम्ही दोघी मागे मागे सरकत गेलो. बादली वर आली, दोरी आडवी व्हायला लागली आणि हाताला काचायला लागली. तिच्या बोटांवर लाल वळ उठले, पण ती सोडेना. "बादली जड झाली का गं ताई?" तिनं विचारलं. "बादली तेवढीच आहे. दोरीचं दुखणं वाढलं," मी म्हटलं. "ही अगदी सरळ कधीच होणार नाही, आपण दोघी मेलो तरी." तिला हे भयंकर आवडलं. मग दोघींचे हात एकदम सुटले, बादली पडली, खालच्या मजल्यावरची बाई ओरडली आणि आम्ही गॅलरीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मला तिचा हेवा वाटत नव्हता असा तो शेवटचा दिवस असेल. मी त्याची तारीख लिहून ठेवायला हवी होती.

पुढे अकरावीत ती याच गणितात नापास झाली. दोन गुणांनी. उत्तरपत्रिका बघायला मिळाली तेव्हा कळलं, की तिनं आधी बरोबर सोडवलं होतं. मग घाबरली, शेजारणीचं बघितलं, आपलं खोडलं आणि खाली चुकीचं लिहिलं. कागद हातात घेऊन ती माझ्या खोलीत आली होती. रडून नाक लाल झालेलं. "ताई, बघ ना, हे बरोबर आहे ना? खोडलेलं दिसतंय ना त्यांना?" मी तेव्हा एम.एस्सी.चा अभ्यास करत होते. मी वर न बघता म्हणाले, "खोडलेलं तपासत नाहीत." नियम तसाच आहे. आता मी स्वतः पेपर तपासते. एका रेघेनं खोडलेलं असेल आणि खाली स्वच्छ वाचता येत असेल, तरी त्याला गुण द्यायचे नाहीत. पण मी वर बघायला हरकत नव्हती. त्या वर्षी तिनं विज्ञान सोडलं, चित्रकलेच्या शाळेत गेली, आणि नापास झाली म्हणून सुटली. मी पास झाले. तेव्हापासून मी पासच होत आले आहे.

वाचनालयाच्या पायऱ्या मी धावत चढले. या वयात माझं धावणं म्हणजे नुसती घाई दिसते. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दालनात लोक नव्हते, फक्त खुर्च्या. टेकू भिंतीला लावून ठेवलेले होते. होडी वर होती. काचेतून ऊन येत होतं आणि होडीची सावली फरशीवर, पहिल्या रांगेवर आणि आईच्या मांडीवर पडली होती. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते. ती मान मागे टाकून वर बघत होती, आणि तिचे पुढचे दात दिसत होते.

"आई, ऊठ," मी म्हटलं.

"आलीस का तू? बघ कशी तरंगतेय."

"ऊठ म्हणते ना. मागे बसू."

"आत्ता कुठे बूड टेकलंय. छकुलीनं माझी जागा ठेवलीये ही. सोड, दुखतंय मला," ती म्हणाली, कारण मी तिचा दंड धरून ओढत होते. बहुतेक फार जोरात. धाकटी पलीकडून कापडाला हात पुसत आली. तिच्या कपाळाला लाकडाचा भुसा लागला होता. मागोमाग मिस्त्री आले, भारी सामान चढवण्यात आयुष्य गेलेला, बुटका, बिनमानेचा माणूस.

"माझं चुकलंय," मी म्हटलं. आवाज वर्गातलाच निघाला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ताण त्र्याण्णव नाही. तीनशे अठ्ठेचाळीस आहे. तुझी तार तुटेल. आधी आईला उठव, मग बाकीचं."

मिस्त्रींनी एकदा धाकटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "बाई, तार अकराशेची आहे," ते म्हणाले. "कागदावर साडेतीनशे होतं ना, त्याच्या तिप्पट. तुमच्याच कागदावरून तर आणली."

मी वर बघितलं. तार माझ्या अंगठ्याएवढी होती. मला दारातूनच दिसायला हवी होती, पण मी तारेकडे बघितलंच नव्हतं. मी आईकडे बघत होते. मी आईचा दंड सोडला. तिच्या दंडावर माझी चार बोटं उमटली होती.

"माझ्या कागदावर त्र्याण्णव होतं," मी म्हटलं.

"त्याच्या वरती बघ," धाकटी म्हणाली. तिनं मला दोन पावलं बाजूला नेलं आणि अंगातल्या कामाच्या डगल्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याला तेलाचा डाग पडला होता. डाव्या बाजूला आकृती, कोन आडव्या रेषेपासून, बाण नीट. उजवीकडे पहिली ओळ: एकशे ऐंशी भागिले दोन साइन पंधरा. पुढे तीनशे अठ्ठेचाळीस. त्यावर एक रेघ. घाईघाईत फरकटलेली नव्हे. पट्टी लावून मारलेली, सरळ, बारीक, खालचं सगळं वाचता येईल अशी. तिच्याखाली कॉस, आणि तिच्याखाली त्र्याण्णव.

मी तो कागद धरून उभी राहिले. पट्टी घ्यायला मी खुर्चीवरून उठले असणार. पट्टी दुसऱ्या खोलीत असते, माझ्या टेबलावर. मी उठले, गेले, पट्टी घेऊन आले, बसले, आणि बरोबर उत्तरावर रेघ मारली. आणि यातलं मला काहीच आठवत नव्हतं; फक्त आईचं हसणं आठवत होतं आणि मांजराची पिल्लं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"कागद आला त्याच दिवशी. त्र्याण्णव म्हणजे नुसतं वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त. एवढ्या आडव्या तारेला एवढंसं कसं येईल? माझी बोटं अजून दुखतात त्या बादलीनं." ती किंचित हसली. "मग वरची ओळ वाचली."

"खोडलेली होती."

"हो. खोडलेलं तपासत नाहीत, ते माहितीये मला. पण तुझं होतं म्हणून तपासलं."

मघाशी शिडीवरून तिनं माझा फोन घेतला तेव्हाही तिला माहीत होतं. 'काय म्हणत होतीस' असं ती म्हणाली होती आणि थांबली होती, ते आता मला ऐकू आलं. आठ दिवस ती वाट बघत होती, आणि मी किती वाजता यायचं ते विचारलं. ती मला चार शिव्या देती, आईला सांगती, सगळ्यांसमोर कागद फडकवती, तर मला बरं वाटलं असतं. मग तिचा हेवा करायला मी मोकळी झाले असते. तिनं त्यातलं काही केलं नाही. माझ्याआधी माझी चूक शोधून ती खिशात घालून फिरत होती. हेही शेवटी तिलाच जमलं, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात आलं याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.

"का खोडलंस गं?" तिनं हळूच विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता. अकरावीत कागद घेऊन आली होती तसाच आवाज होता. या खेपेला मी वर बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस माझ्यापेक्षा जास्त पिकले होते. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मोठं वाटलं उत्तर," मी म्हटलं.

"मोठंच असतं ते."

"हो."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवला. मी तो फाडेन असं तिला वाटलं असावं. मिस्त्री शिडी आवरत होते. दारातून वाचनालयाचे कर्मचारी आत येत होते आणि माना वर करत होते.

"ताई," आईनं हाक मारली, "जरा बाजूला हो ना. मधे उभी राहिलीस, मला दिसत नाही."

मी बाजूला झाले. मग चार पावलं पुढे गेले आणि होडीच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिले.